यादी कोण करतं? लहान पिकांवरच्या कीडनाशक अवशेष चाचण्या आणि त्यांचा वार्षिक अग्रक्रम

(जळगाव जामोद येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्यातली वळणं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय कोरडा वाटेल, पण तुमच्या पंपाशी आणि तुमच्या ताटाशी त्याचा थेट संबंध आहे. कोणत्या पिकावर, कोणत्या औषधाची अवशेष चाचणी यंदा घ्यायची, हे कोण ठरवतं? कशावरून ठरवतं? आणि ज्यांचं पीक त्या यादीत येत नाही, त्यांनी काय करायचं? ही यादी करण्याच्या पद्धतीची आज मी टीका करणार आहे. आपले शास्त्रज्ञ चांगलं काम करतात, त्यांच्या प्रयोगशाळा चांगल्या आहेत. माझा आक्षेप त्यांना कुठला प्रश्न आधी दिला जातो, याला आहे.

आधी चाचणी म्हणजे काय ते बघू. शेतात ठरलेल्या मात्रेने औषध फवारायचं. एका भागात दुप्पट मात्रा, एक भाग बिनफवारणीचा. मग त्याच दिवशी, एक दिवसाने, तीन दिवसांनी, पाच, सात, दहा, पंधरा दिवसांनी, असे फळाचे किंवा पानाचे नमुने घ्यायचे. ते गोठवून प्रयोगशाळेत न्यायचे आणि औषध किती उरलं ते मोजायचं. असं एका शेतात करून भागत नाही. वेगवेगळ्या हवामानात, वेगवेगळ्या ठिकाणी करावं लागतं. यातून दोन आकडे निघतात. एक, शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, म्हणजे पीएचआय. दुसरा, कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे एमआरएल.

एमआरएलबद्दल एक गैरसमज फार आहे. लोकांना वाटतं, मर्यादेच्या एक कण वर गेलं की विष आणि एक कण खाली की अमृत. तसं नाही. नीट शिफारशीप्रमाणे फवारलं तर जास्तीत जास्त किती अवशेष राहील, आणि तेवढं रोजच्या आहारातून पोटात गेलं तर चालेल का, या दोन प्रश्नांवरून ती रेषा ओढलेली असते. म्हणजे रेषा ओढायला चाचणी लागते. चाचणीच झाली नाही, तर काय?

तर आपल्याकडे सरसकट मर्यादा लागू होते: किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की यंत्राला दिसलं की माल नापास. आता बघा, त्या पानात खरोखर धोका आहे की नाही, हे कुणीच तपासलेलं नाही. तरी माल नापास. आणि उलटही खरं: धोका असेल, तर तोही कुणी तपासलेला नाही. शेतकरी आणि खाणारा, दोघंही अंधारात.

कायद्याचं दार

कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्याखाली फरीदाबादला केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती आहे. कुठलं औषध कुठल्या पिकावर, कुठल्या किडीसाठी वापरायचं, हे नोंदणी समिती मान्य करते. यालाच आपण लेबल क्लेम म्हणतो. कलम ९ वाचा. अर्ज कुणी करायचा? जो कीटकनाशक आयात करू इच्छितो किंवा बनवू इच्छितो, त्याने. म्हणजे दार कंपनीसाठी आहे. शेतकरी संघाला, बाजार समितीला, ग्राहक पंचायतीला तिथून आत जाता येत नाही.

कंपनी काय बघणार? कापूस, सोयाबीन, भात, मिरची. जिथे लाखो एकर आहेत तिथे चाचणीचा खर्च निघतो. पानवेलीसाठी कोण खर्च करील? यात कंपनीला शिव्या देण्यासारखं काही नाही, तो धंदा आहे. आक्षेप हा, की कंपनीचा हिशेब हाच देशाचा अग्रक्रम होऊन बसला आणि त्याला आपण अग्रक्रम म्हणतही नाही. यादी नाहीच, असं आपल्याला वाटतं. पण यादी आहे. ती फक्त लिहिलेली नाही.

आता आपल्या पट्ट्याकडे या. अंजनगाव सुर्जी, अकोट, तिथून सातपुड्याच्या पायथ्याने इकडे आपल्यापर्यंत. बारी समाजाने पिढ्यान् पिढ्या पानमळे राखले. अकोट-अंजनगावकडे पानपिंपळी आहे. आपल्याकडे संत्रा आहे. ही सगळी देशाच्या हिशेबात लहान पिकं, पण घराच्या हिशेबात एकेका कुटुंबाचा सगळा संसार त्यावर.

पानाचं उदाहरण घ्या, कारण त्यात प्रश्न सगळ्यांत स्पष्ट दिसतो. पान कच्चं खातात. सोलत नाहीत, शिजवत नाहीत, फार तर पाण्यातून काढतात. ज्यावर फवारा पडला, तोच भाग तोंडात जातो. आणि तोडा एकदाच नसतो, पानं खुडणं चालूच असतं. समजा एखाद्या औषधाला एकवीस दिवस थांबायचं आहे आणि खुडणी त्याच्या आत आली, तर? एक तर तोडा सोडा, नाहीतर औषध सोडा. वेलीला मर लागते, लाल कोळी येतो, खवले कीड येते. बोर्डो मिश्रणाने सगळं भागत नाही. मग दुकानदार मिरचीचं औषध देतो, आणि ते मारलं जातं.

आणखी एक गोष्ट. पान माणूस किती खातो? हा आकडा आहाराच्या हिशेबात लागतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात पानावरचा खर्च मोजतात, पण कुठल्या गटात? पान, तंबाखू आणि मादक पदार्थ. भाजीच्या गटात नाही. म्हणजे हिरवं पान रोज खाल्लं जातं, आणि कागदावर ते बिडीशेजारी बसतं. वर्गवारी चुकली की प्रश्नच दिसेनासा होतो.

इथे भेंडवळची आठवण काढतो. अक्षय तृतीयेला आपल्या तालुक्यात घटमांडणी होते. अठरा धान्यं मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पिकांचं भाकीत सांगतात. त्या मांडणीत पानविडा असतो, पण पीक म्हणून नाही, राजाचं प्रतीक म्हणून. भाकितावर विश्वास ठेवायचा की नाही, तो आजचा विषय नाही. पण एवढं खरं, की ती मांडणी उघड्यावर होते. कोणतं पीक मांडलं, कोणतं नाही, हे शेकडो लोक उभं राहून बघतात. संशोधनाच्या यादीला हे भाग्य नाही.

देखरेख आहे, चाचणी नाही

तुम्ही म्हणाल, सरकार तपासणी करतंच की. करतं. कीडनाशक अवशेषांवरचा अखिल भारतीय नेटवर्क प्रकल्प १९८४-८५ पासून आहे, आपल्या राज्यात त्याचं केंद्र राहुरीला आहे. २००५-०६ पासून राष्ट्रीय पातळीवर अवशेषांच्या देखरेखीची केंद्रीय योजना आहे. बाजारातून, शेताच्या बांधावरून नमुने घेतात, तपासतात, अहवाल निघतो. काम मोठं आहे, त्याबद्दल आदर आहे.

पण अहवाल कसा वाचला जातो? किती नमुन्यांत अवशेष सापडले, किती मर्यादेच्या वर, किती टक्के. वर्तमानपत्रात बातमी येते, दोन दिवस भाजीची भीती, मग शांत. त्याच अहवालात एक रकाना असतो: त्या पिकावर मान्यता नसलेली औषधं. तो रकाना गुन्ह्यांची नोंद म्हणून वाचला जातो. माझं म्हणणं असं आहे की तो प्रश्नपत्रिका म्हणून वाचायला हवा.

एखाद्या लहान पिकावर वर्षामागून वर्ष तेच मान्यता नसलेलं औषध सापडत असेल, तर शेतकरी आपल्याला काही सांगतोय. तो सांगतोय की इथे एक कीड आहे आणि तिच्यासाठी तुम्ही मला कायदेशीर काही दिलेलं नाही. गुन्हा एकाचा असेल तर त्याला पकडा. सगळ्या पट्ट्याचा असेल, तर आधी शिफारस तपासा.

मसाल्यांचंच बघा. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांची विक्री इथिलीन ऑक्साईडमुळे थांबवली, देशभर गाजावाजा झाला. त्याच महिन्यात आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मसाल्यांसाठी, भारतात नोंदणी नसलेल्या कीडनाशकांची सरसकट मर्यादा ०.०१ वरून ०.१ केली. दहापट. मे महिन्यात प्राधिकरणाने खुलासा केला, त्यात एक आकडेवारी आहे: देशात २९५ हून अधिक कीडनाशकं नोंदलेली आहेत, त्यातली १३९ मसाल्यांसाठी. कोडेक्सने एकूण २४३ कीडनाशकांच्या मर्यादा घेतल्या आहेत, त्यातल्या मसाल्यांना ७५ लागू होतात.

प्राधिकरणाची बाजू अगदीच पोकळ नाही. मसाला वाळवलेला असतो, पाणी गेलं की अवशेष घट्ट होतो. ओल्या मिरचीतला आकडा वाळल्या मिरचीत कितीतरी पट वाढतो. शिवाय मसाल्यांसाठी प्रत्यक्ष शेतचाचण्या घेणं अवघड आहे, म्हणून देखरेखीच्या आकडेवारीवरून मर्यादा ठरवायला कोडेक्सनेही वाट करून दिलेली आहे. पण इथेच मेख आहे. देखरेखीचा आकडा सांगतो, लोक काय करतात. चाचणीचा आकडा सांगतो, नीट केलं तर काय होईल. पहिल्यावरून रेषा ओढली, तर आपण सवयीला नियम करतो. काही वेळा नाइलाजाने ते करावं लागेल. पण दरवेळी रेषाच हलवायची आणि चाचणी कधीच घ्यायची नाही, हे धोरण म्हणून चालणार नाही.

द्राक्षाचा धडा

आपल्याच राज्यात एक पीक आहे जिथे दरवर्षी यादी होते. द्राक्ष. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिलचे अवशेष सापडले, निर्यात धोक्यात आली. मग अपेडा आणि पुण्याच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने अवशेष देखरेख आराखडा उभा केला. बागांची नोंदणी, काढणीआधी नमुने, प्रयोगशाळांवर देखरेख करणारी एक संदर्भ प्रयोगशाळा, आणि प्रत्येक हंगामात सुधारून निघणारी औषधांची यादी, थांबायच्या दिवसांसकट. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ती यादी पाठ असते. २००६ ला ग्रेपनेट आलं, कुठल्या बागेचा माल कुठल्या पेटीत, हे संगणकावर दिसू लागलं.

म्हणजे आपल्याला येत नाही असं अजिबात नाही. येतं. मग पानाचं, संत्र्याचं, पानपिंपळीचं का नाही? उत्तर सरळ आहे: तिथे परकीय चलन होतं आणि संघटित बागायतदार होते.

पण द्राक्षाच्या यशाकडेही डोळे उघडे ठेवून बघा. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षं पुन्हा अडकली. यावेळी क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात. कीडनाशकही नव्हे, वेलीची वाढ रोखणारं संजीवक. बागेत वापर सर्रास होता, पण तपासणीच्या यादीत ते नव्हतं. यादी मागच्या संकटावरून बनली होती, पुढचं संकट दुसऱ्या दारातून आलं. शेतात काय वापरतात हे बागायतदाराला माहीत होतं. त्याला कुणी विचारलं असतं, तर कळलं असतं.

दुसरी मर्यादा. हा सगळा डोलारा परदेशी ग्राहकासाठी आहे. खामगावच्या बाजारात द्राक्ष घेणाऱ्यासाठी अशी पेटी-पेटीची नोंद नाही. निर्यात हाच निकष धरला, तर आपल्याच माणसाचं पोट यादीत शेवटी येतं.

बाहेर काय करतात

अमेरिकेत १९६३ पासून आयआर-४ नावाचा प्रकल्प चालतो, खास लहान पिकांसाठी. शेतकरी, विद्यापीठाचा माणूस, कुणीही विनंती टाकू शकतो: अमुक पीक, अमुक कीड, अमुक औषध. दरवर्षी एक बैठक होते. शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, विद्यापीठं, सरकार, कंपन्या समोरासमोर बसतात आणि विनंत्यांना अ, ब, क असे दर्जे देतात. ज्यांना वरचा दर्जा, त्यांच्या चाचण्या पुढच्या हंगामात सुरू. खर्च सरकारी. कंपनीने फक्त तयारी दाखवायची की आकडे आले तर लेबलवर घेऊ.

हे जसंच्या तसं आणा असं मी म्हणत नाही. तिथेही बैठकीला जो येतो त्याचंच चालतं. संघटित बागायतदाराचा आवाज मोठा, फवारणी करणाऱ्या मजुराचा जवळजवळ नाहीच. आणि कंपनी नाही म्हणाली, तर गरज कितीही असो, काम अडतं. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. विनंती करण्याचा हक्क कुणालाही आहे, आणि यादी उघड आहे. तुमची विनंती मागे पडली, तर मागे पडली हे तुम्हाला दिसतं.

मग निकष कोणते?

मी पाच प्रश्न सुचवतो, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

पहिला: कीड किंवा रोग खरा आहे का, आणि औषधाशिवाय निभतं का? पाण्याचा निचरा, रोगमुक्त बेणं, ट्रायकोडर्मा यांनी मर आटोक्यात येत असेल, तर त्या प्रयोगाला पैसा आधी.

दुसरा: औषध फवारणाऱ्याच्या जिवाला किती धोक्याचं? २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली. अति विषारी औषधाची अवशेष चाचणी घेऊन त्याला नव्या पिकावर कायदेशीर जागा करून देणं, हे संशोधन नव्हे. अशी औषधं पहिल्या चाळणीतच बाहेर.

तिसरा: पीक कसं खाल्लं जातं? कच्चं की शिजवून, सालीसकट की सोलून, ओलं की वाळवून. या निकषावर पान आणि पानपिंपळी क्षेत्र कमी असूनही वर येतात.

चौथा: पर्याय किती उरले आहेत? २०२३ च्या बंदी आदेशात क्लोरपायरिफॉस लिंबूवर्गीय फळांवर वापरायला मनाई झाली. मनाईला माझा विरोध नाही. पण एक औषध काढताना त्याच दिवशी विचारायला हवं, की त्या किडीसाठी आता संत्र्यावर काय उरलं? उरलेल्याची चाचणी झालेली आहे का? मनाईचा कागद निघतो, पर्यायाचा कागद निघत नाही. मधल्या काळात शेतकरी दुकानदाराच्या शिफारशीवर.

पाचवा आणि शेवटचा: क्षेत्र आणि निर्यात. हे निकष मी काढून टाकत नाही. फक्त आज ते पहिले आहेत, ते पाचवे असावेत.

आणि एक शिस्त. एका पिकाची चाचणी त्याच्यासारख्या पिकांना लागू करता येते का ते बघा. लिंबूवर्गीय गटात एक-दोन प्रातिनिधिक पिकं नीट तपासली, तर बाकीच्यांना त्या आकड्यांचा आधार मिळतो. पैसा वाचतो. पण वेलीवरच्या पानाला फळाचा आकडा लावू नका.

आता हे करायचं कुठे? नवी संस्था नको. जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्र आहे, त्याची शास्त्रीय सल्लागार समिती असते. वर विभागीय संशोधन व विस्तार सल्लागार समिती आहे. त्याच्या वर चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त ॲग्रेस्को दरवर्षी भरते. पायऱ्या आहेत. या पायऱ्यांवरून वाणाच्या, खताच्या, अवजाराच्या शिफारशी वर जातात. लहान पिकांच्या अवशेषांचा एक ठरलेला रकाना तिथे असावा, आणि त्यासोबत नाकारलेल्या मागण्यांची यादीही छापावी, कारणासकट. कंपनीने अर्ज करायला नकार दिला, तर तेही लिहावं. एवढं केलं तरी पुढच्या वर्षी बोलायला कागद हातात येतो.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, आमी थोडंच औषध मांगतो? दुकानदार जे देते थेच मारतो. मंग दोष कोणाचा?

उत्तर: भाऊ, दोष कोणाचा हे ठरवण्याआधी एक काम करा. पक्कं बिल घ्या आणि डब्यावरचं लेबल ठेवा. आपलं पीक त्या लेबलवर नसेल, तर वहीत लिहा: तारीख, पीक, कीड, औषध, मात्रा. दहा शेतकऱ्यांच्या अशा वह्या कृषी विज्ञान केंद्रात नेल्या, तर ती तक्रार राहत नाही, चाचणीची मागणी होते.

प्रश्न: असं लिहून दिलं तर आमच्यावरच कारवाई नाही का होणार? लेबल नसलेलं मारलं, हे आम्हीच कबूल केल्यासारखं.

उत्तर: ही भीती खरी आहे, आणि माझ्या मते सगळ्या योजनेतली ही सर्वांत कच्ची जागा आहे. म्हणून मागणी व्यक्तीच्या नावाने न जाता गावाच्या किंवा गटाच्या नावाने जावी. माहिती देणाऱ्याला त्या माहितीवरून त्रास होणार नाही, हे समितीने आधी लेखी द्यावं. ते मिळेपर्यंत मी तुम्हाला नावानिशी लिहून द्या असं सांगणार नाही.

प्रश्न: इतक्या लहान पिकावर सरकारने पैसा का घालावा? ती जमीन दुसऱ्या पिकाला द्यावी.

उत्तर: पीक बदलायचं की नाही हे शेतकऱ्याने बाजार बघून ठरवावं, अवशेषाचा आकडा नाही म्हणून नव्हे. आणि पैसा फक्त उत्पादकावर खर्च होत नाही. पान खाणारा पुण्यात आहे, मुंबईत आहे, दिल्लीत आहे. तो किती औषध खातो, हे आज त्याला सांगता येत नाही. त्या माणसासाठीही ही चाचणी आहे.

प्रश्न: सेंद्रिय केलं तर ही कटकटच उरणार नाही ना?

उत्तर: बरीच कमी होईल, आणि ज्यांना जमतं त्यांनी करावं. पण शेजारच्या बागेतून फवारा उडत येतो, जुन्या जमिनीत जुने अवशेष असतात, आणि सरसकट मर्यादा शंभर टनाला एक ग्रॅम इतकी बारीक आहे. सेंद्रियवाल्यालाही आकडे लागतात, कदाचित जास्तच लागतात. म्हणून यादीत तुमचाही एक प्रश्न घाला: शेजारच्या फवारणीमुळे बिनफवारणीच्या पानमळ्यात किती अवशेष येतो? ही चाचणी फार खर्चाची नाही. पुढच्या सल्लागार समितीत ती मांडता येईल.